डोंगर, खाण आणि दिग्व्रत

श्रावकाच्या बारा व्रतांपैकी दिग्व्रताविषयी आपल्या घरांतून फारसे बोलले जात नाही. अहिंसा, सत्य, अचौर्य ही नावे लहान मुलांनाही पाठ असतात. रात्रिभोजनत्याग आणि पाणी गाळणे हे तर रोजच्या व्यवहारातच मुरलेले असते. दिग्व्रत मात्र बहुधा पाठशाळेच्या परीक्षेपुरते उरले आहे. दहा दिशांना आपण कुठवर जाऊ याची सीमा स्वतःच ठरवायची आणि त्या सीमेपलीकडे कोणताही आरंभ, कोणताही व्यापार करायचा नाही, असे हे व्रत. मोंढ्यातल्या दुकानात बसून इंदूरचा आणि लातूरचा भाव क्षणात कळतो, अशा काळात दिशांची सीमा कसली बांधायची, असे कोणीही विचारील.

गेल्या पौषात हे व्रत आमच्या घरात अचानक चर्चेला आले. त्याचे कारण धार्मिक नव्हते, सरळ व्यवहाराचे होते. पालमच्या दक्षिणेला बालाघाटच्या उतरणीवर आमचा सहा एकरांचा माळ आहे. आजोबांनी तो कधीकाळी घेतला. माती वीतभर, तिच्याखाली मुरूम आणि मुरुमाखाली काळा कातळ. पाऊस चांगला झाला तर थोडे गवत, नाही तर तेही नाही. तीन पिढ्यांत या जमिनीने आम्हांस काही दिले नाही आणि आम्हीही तिच्याकडे काही मागितले नाही. अशा माळाला एका ठेकेदाराने किंमत लावली. रस्त्यांची कामे वाढली आहेत, खडी कमी पडते, तुमच्या माळाखालचा दगड एकसंध आहे. दोन एकर पाच वर्षांसाठी भाडेपट्ट्याने द्या, परवाना आणि स्वामित्वधन आम्ही पाहू, असा त्याचा प्रस्ताव होता. रक्कम मोठी होती. माझा पुतण्या स्थापत्य अभियंता झाला आहे आणि त्याला स्वतःचा व्यवसाय उभा करायचा आहे. त्याला लागणारे भांडवल नेमके या रकमेतून उभे राहणार होते. त्यामुळे प्रश्न पडीक जमिनीपुरता नव्हता, घरातल्या एका तरुणाच्या आयुष्याचा होता.

उत्तर देण्यासाठी ठेकेदाराने पंधरा दिवसांची मुदत दिली होती. त्या पंधरा दिवसांतल्या एका रविवारी पुतण्या म्हणाला, "काका, घरात बसून बोलण्यापेक्षा एकदा डोंगर पाहू आणि एक खाणही पाहू. मग ठरवू." त्याच्या महाविद्यालयातील मित्राच्या गावाजवळ, जिंतूर तालुक्यात, काही वर्षांपूर्वी बंद पडलेली दगडाची खाण आहे हे त्याला ठाऊक होते. जिंतूरला जायचेच तर आधी नेमगिरीचे दर्शन घ्यावे, असे मी सुचवले. पहाटे अंधारातच निघालो. गंगाखेडला गोदावरी ओलांडताना पात्रावर धुके होते. परभणीच्या पुढे सूर्य वर आला. दोन्ही बाजूंच्या काळ्या रानांत हरभरा आणि रब्बीची ज्वारी उभी होती. कुठे तुरीच्या कापलेल्या पेंढ्या रचून ठेवल्या होत्या.

परभणी जिल्हा मैदानी आहे असे बाहेरच्यांस वाटते. पण त्याच्या दक्षिण अंगाला बालाघाट आहे आणि उत्तरेला जिंतूरच्या बाजूने अजिंठ्याच्या रांगेचे फाटे उतरतात. या दोहोंच्या मधली काळी जमीन याच डोंगरांच्या खडकाची आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरले, थंड झाले, आणि पुढे ऊन, पाऊस व वारा यांनी त्यांचे पीठ केले. ज्या कापसावर, तुरीवर आणि सोयाबीनवर आपल्या पेढ्या चालतात, ती सगळी पिके या झिजलेल्या दगडावरच उभी आहेत. म्हणून दगडाशी आपला काही संबंध नाही, असे मोंढ्यातल्या माणसाला म्हणता येत नाही.

जिंतूरपासून तीनएक किलोमीटरवर नेमगिरी आणि चंद्रगिरी या दोन टेकड्या आहेत. जिंतूरचे जुने नाव जैनपूर असल्याचे सांगितले जाते. आपल्यापैकी अनेकांनी हे क्षेत्र पाहिले असेल. टेकडी उंच नाही. हिवाळ्याच्या सकाळी वृद्धांनाही फारशी धाप न लागता चढता येते. पण वरच्या गुहामंदिरांत शिरताना प्रत्येकाला वाकावे लागते. काही दारे इतकी ठेंगणी आहेत की जवळजवळ बसूनच आत जावे लागते. आणि आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावले की समोर भव्य जिनबिंब दिसते. पद्मासनातील काळ्या पाषाणाचे नेमिनाथ भगवान, शांतिनाथ, बाहुबली, आणि केवळ एका लहानशा दगडाच्या टेक्यावर उभा असलेला अंतरिक्ष पार्श्वनाथांचा तो सारा भार. हे सर्व पाहून माणूस गप्प होतो.

पुतण्याही गप्प होता. बाहेर येऊन कट्ट्यावर बसल्यावर तो म्हणाला, "एवढ्या लहान दारातून एवढी मूर्ती आत नेली असेल असे वाटत नाही. ती आतच घडली असावी. म्हणजे कोणीतरी येथे छन्नी घेऊन वर्षानुवर्षे डोंगर पोखरला. काका, ही खाण नाही का?"

प्रश्न टाळण्यासारखा नव्हता, आणि तो एवढ्यावर थांबलाही नाही. वेरूळची जैन लेणी डोंगर कापूनच झाली. श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीवरील गोमटेश्वराची सत्तावन्न फुटांची मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीस डोंगरमाथ्याच्या कातळातून कोरली गेली. आपल्या डोळ्यांदेखत, २०१६ साली, मांगीतुंगीला ऋषभदेवांच्या १०८ फुटी मूर्तीची प्रतिष्ठा झाली, तीही डोंगराचा कातळ कापूनच घडलेली. गावोगावच्या मंदिरांतला संगमरवर कोठल्या ना कोठल्या खाणीतूनच येतो. "आपण आज ज्या रस्त्याने आलो," तो म्हणाला, "त्याच्याखालीही कोणाची तरी टेकडीच पसरलेली आहे. दगड वापरायचा सगळ्यांनी, आणि काढायचे पाप मात्र दुसऱ्याच्या नावावर, हे कसे?"

आपल्या शास्त्रकारांनी हा प्रश्न झाकून ठेवलेला नाही. श्वेतांबर आगमांतील उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाची कथा येते. वाणिज्यग्रामचा हा धनाढ्य गृहस्थ. चार कोटी सुवर्णमुद्रा कोषात, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसारात आणि दहा-दहा हजार गाईंची चार गोकुळे, असे त्याचे वैभव वर्णिले आहे. भगवान महावीरांपाशी त्याने व्रते घेतली. तेथेच श्रावकाने न करावयाच्या पंधरा उद्योगांची, म्हणजे कर्मादानांची, यादी आहे. कोळसे पाडणे, जंगल तोडणे, हस्तिदंताचा आणि विषाचा व्यापार यांच्याबरोबर तीत स्फोटकर्मही आहे. म्हणजे भूमी खणण्याचा, दगड फोडण्याचा धंदा. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात स्फोटकर्माचा अर्थ सांगताना तळी-विहिरी खणणे आणि शिळा फोडणे या दोहोंचा निर्देश केला आहे. दिगंबर परंपरेत समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात निष्प्रयोजन भूमी खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटवणे यांस प्रमादचर्या म्हटले असून तिची गणना अनर्थदंडात केली आहे. पृथ्वी ही निर्जीव वस्तू नव्हे, पृथ्वीकायिक जीवांचे ते शरीर आहे, ही दोन्ही परंपरांची समान श्रद्धा.

परंतु याच आनंदाने व्रत घेताना पाचशे नांगर स्वतःकडे राखले होते, हेही सूत्रात स्पष्ट सांगितले आहे. नांगर म्हणजे भूमी विदारणेच. गृहस्थाला उद्योगी हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही, हे आपल्या आचार्यांनी जाणले होते. म्हणून आनंदाकडून नांगर काढून घेतले गेले नाहीत. नांगर किती, गाड्या किती, गाई किती, ते त्याने मोजले आणि त्यापुढे नाही असे म्हटले. पुतण्याला मी एवढेच सांगितले. त्याचे समाधान झाले नाही. पण त्याने ते ऐकून घेतले. बरोबर आणलेल्या दशम्या खाऊन आम्ही टेकडी उतरलो.

दुपारी त्याच्या मित्राच्या गावी पोहोचलो. गावाबाहेर एक ठेंगणी टेकडी होती. पायथ्याला घाणेरीची झुडपे, वर पिवळे पडलेले कुसळी गवत आणि माथ्यावर शेंदूर लावलेला एक गोटा. पाऊलवाटेने चढायला वीस-पंचवीस मिनिटे लागली. हवा स्वच्छ होती. माथ्यावरून दूरवरची शिवारे, एक पाझर तलाव आणि त्यापलीकडे टेकड्यांच्या निळसर रांगा दिसत होत्या. गोट्याच्या पलीकडे पंधरा-वीस पावले गेलो आणि टेकडी संपली. उतार लागला नाही, टेकडीच संपली. पुढे उभा तुटलेला कडा होता आणि खाली साठ-सत्तर फुटांवर हिरवट पाणी. समोरून पाहणाऱ्याला जी टेकडी दिसते, तिचा मागचा अर्धा भाग खाणीने नेला होता.

कड्यावर सुरुंगांच्या भोकांच्या उभ्या खुणा अजून स्पष्ट होत्या. खडकाचे थर एकावर एक दिसत होते; दोन थरांमध्ये वीतभर तांबड्या मातीचा पट्टा. दोन लाव्हांच्या मधल्या शांत काळात तयार झालेली ती माती, असे पुतण्याने सांगितले. खाली एका बाजूला खडी यंत्राचे सिमेंटचे ओटे उरले होते, त्यांवर बाभळी उगवल्या होत्या. कामगारांच्या झोपड्यांच्या जागी दगडांचे चौकोन होते. कुंपणाचे काही खांब उभे होते. तार कोणीतरी नेली होती. पाण्याच्या काठी दोन बगळे आणि एक खंड्या बसला होता. निसर्गाने ती जागा परत घ्यायला सुरुवात केली आहे असे वरवर वाटत होते. पण त्या कड्याला पुन्हा उतार येईल एवढा काळ माणसाच्या हिशेबात बसत नाही.

खाली उतरलो तेव्हा एक वृद्ध मेंढपाळ मेंढ्या घेऊन पाण्याच्या कडेने येत होते. पुतण्याने विचारले, "आजोबा, खाण बंद का पडली? दगड संपला का?"

"दगड कुठं सरतोय, बापू," ते म्हणाले. "खाली पाणी लागलं. उपसायला डिझेल परवडंना. एक दिवस मशिनी भरल्या अन् गेले."

त्यांनी आणखी बरेच सांगितले. सुरुंग उडत तेव्हा घरांची भांडी वाजत. गावातल्या चार-पाच पोरांना काम होते, ते गेले. बाहेरगावचे दगड फोडणारे वडार आधीच गेले होते, कारण यंत्र आल्यावर हातोड्याला काम उरले नव्हते. उन्हाळ्यात मात्र याच पाण्यावर मेंढरे जगतात, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. "पण पावसाळ्यात इकडं फिरकत नाही. कडा ढासळतो. दोन मेंढ्या गेल्यात माझ्या." खाणीबद्दल त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पाऊस किंवा दुष्काळ यांविषयी बोलावे तसे ते बोलत होते. आम्ही गाळून आणलेले पाणी त्यांना दिले, थोडा वेळ बसलो आणि निघालो. सूर्यास्ताच्या आत जेवण व्हायचे तर परभणीला वेळेत पोहोचणे भाग होते.

परतीच्या वाटेवर पुतण्याने खिशातला कागद काढला. अभियंत्याची सवय. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. एक एकर जमीन एक फूट खोल गेली की सुमारे ४३५ ब्रास दगड निघतो; वीस फूट गेली की ८,७०० ब्रासांहून अधिक. "दोन एकरांचे याच्या दुप्पट," तो म्हणाला. "म्हणजे खरा नफा लांबी-रुंदीत नाही, खोलीत आहे. जमीन तेवढीच, परवान्याची धावपळ तेवढीच. प्रत्येक फूट खाली गेले की तेवढाच माल पुन्हा. मग कोणी थांबेल कशाला?"

त्या वाक्याने मला तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय आठवला. दिग्व्रताचे पाच अतिचार तेथे सांगितले आहेत. वरची सीमा ओलांडणे, खालची सीमा ओलांडणे, तिरपी सीमा ओलांडणे, लोभाने क्षेत्र वाढवणे, आणि ठरवलेल्या सीमेचा विसर पडणे. पूज्यपादाचार्यांनी सर्वार्थसिद्धीत पहिल्या तिहींची उदाहरणे दिली आहेत, तीही अगदी साधी. पर्वतावर चढण्याने ऊर्ध्व सीमेचा अतिक्रम होतो, विहिरीत उतरण्याने अधो सीमेचा आणि बिळात किंवा गुहेत शिरण्याने तिरप्या सीमेचा. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या या टीकेत डोंगर, खड्डा आणि गुहा तिन्ही एका ओळीत आले आहेत, आणि आम्ही त्या एका दिवसात तिन्ही पाहिले होते. दिग्व्रत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नकाशा येतो. पूर्वेस अमुक गाव, पश्चिमेस अमुक नदी. पण आचार्यांनी दिशा दहा मोजल्या, आणि त्यांत खाली जाणारी दिशाही आहे.

तिन्ही ठिकाणी कातळ कापलेला होता, किंवा कापावयाचा होता. तरीही नेमगिरीची गुहा आणि ती खाण यांना एकच नाव देता येत नाही, असे मला तेव्हा स्पष्ट वाटले. गुहा कोरणाऱ्याला आधीच ठाऊक होते की एवढे बिंब, एवढे आसन, वाकून शिरता येईल एवढे दार, आणि त्यापुढे छन्नी ठेवायची. त्याच्या मनात जी मर्यादा होती तिथे तो थांबला. खाण मात्र आपण होऊन थांबली नाही. तिला खालच्या पाण्याने आणि डिझेलच्या भावाने थांबवले. पाणी शंभर फुटांवर लागते तर ती शंभर फूट गेली असती. थांबणे आणि थांबावे लागणे या दोहोंत जे अंतर आहे, तेच दिग्व्रताचे स्थान आहे. बाजार पडला म्हणून साठा थांबला, बँकेने कर्ज नाकारले म्हणून विस्तार थांबला, तर ते व्रत होत नाही.

हा विचार मी पुतण्याला सांगितला तेव्हा त्याने योग्य आक्षेप घेतला. मंदिर कोरणाराही लोभी असू शकतो आणि रस्ता बांधणारा मर्यादशील असू शकतो. मग मर्यादा लिहून घेऊन खाण द्यायला काय हरकत? मलाही तो मुद्दा पटला. हरकत तत्त्वतः नव्हती. रस्ता लोकांना हवा आहे, दवाखान्यात जाणाऱ्या रुग्णाला हवा आहे, आपल्या मालमोटारीला हवा आहे. म्हणून ठरले की ठेकेदाराला एकच गोष्ट विचारायची.

घरी आल्यावर सर्व वृत्तांत आईला सांगितला. आईचे वय ऐंशीच्या पुढे आहे, शाळा चौथीपर्यंतची, पण अष्टमी-चतुर्दशी कधी चुकलेली नाही. तिने व्रताच्या भाषेत काही विचारले नाही. ती म्हणाली, "किती खोल जाणार, ते कागदावर लिहिले आहे का?" आम्ही कागद पाहिला. लांबी होती, रुंदी होती, वर्षे होती, हप्ते होते. खोलीचा रकाना नव्हता. दुसऱ्या दिवशी पुतण्याने दूरध्वनी करून विचारले. ठेकेदार सज्जन गृहस्थ होता, त्याने काही लपवले नाही. "चांगला दगड लागेल तोवर," तो म्हणाला. वीस फुटांची अट घालता येईल का, असे विचारल्यावर त्याने नम्रपणे सांगितले की मग यंत्र आणण्याचा खर्च निघणार नाही. त्याच्या बाजूने ते खरेच होते. व्यवहार तेथे थांबला.

मुदत संपण्याआधी आम्ही नकार कळवला. या नकाराची किंमत घरात सर्वांना माहीत आहे. पुतण्याचा व्यवसाय एक वर्ष पुढे गेला. त्याच्या भांडवलाचा एक भाग मी मुदतठेव मोडून दिला, उरलेला तो नोकरी करून जमवतो आहे. नातेवाइकांपैकी काहींनी आम्हांस वेड्यात काढले. तुम्ही दिली नाही तर शेजारचा माळ जाईल, दगड तर निघणारच, असे ते म्हणाले. निघेलही. आपल्या सीमेपलीकडच्या जगाचा भार दिग्व्रत आपल्यावर टाकत नाही. आपली सीमा तेवढी आपल्यावर सोपवते.

या प्रसंगानंतर मला शिखरजीच्या आंदोलनाची वारंवार आठवण होते. २०२२ च्या डिसेंबरात आणि २०२३ च्या जानेवारीत झारखंडमधील पारसनाथ पर्वतावर पर्यटन येणार या शंकेने देशभरातला जैन समाज रस्त्यावर आला. अनेक गावांत व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली. ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने तेथील पर्यटनविषयक तरतुदींना स्थगिती दिली. वीस तीर्थंकरांच्या निर्वाणभूमीसाठी समाज एकवटला हे योग्यच झाले. पण मनात येते की ज्या डोंगराला नाव आहे, त्याचे रक्षण करायला शेकडो कोसांवरून आपण उठतो. आणि ज्या टेकडीला नाव नाही, जिच्यावर फक्त शेंदूर लावलेला एक गोटा आहे, ती आपल्या सातबाऱ्यावर असेल तर तिचा दर विचारतो. पृथ्वीकायिक जीव तीर्थात आणि माळात वेगळे नसतात. शिखरजीवर पाय ठेवताना जी हळुवारता आपल्या मनात येते, तिचा थोडा अंश पायाखालच्या जमिनीसाठी राखता आला तर ते तीर्थवंदनेचेच फळ म्हणावे.

याचा अर्थ खडीचा, वाळूचा किंवा फरशीचा व्यवसाय करणाऱ्या आपल्या बांधवांकडे बोट दाखवावे असा नाही. अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या या धंद्यांत आहेत, आणि त्यांच्या दानातूनच कित्येक मंदिरे व धर्मशाळा उभ्या आहेत. प्रत्येकाच्या धंद्यात खोलीचा एक रकाना असतो, एवढेच म्हणायचे आहे. आडत्याकडे तो उचल देण्याच्या व्याजात असतो, कापडवाल्याकडे उधारीच्या वसुलीत, साठेदाराकडे भाव वाढण्याची वाट पाहण्यात. लांबी-रुंदी आपण कागदावर लिहितो आणि खोली मोकळी सोडतो. पाचवा अतिचार सीमेच्या विस्मरणाचा सांगितला आहे, पण विसरण्यासाठी ती आधी ठरवलेली तरी असावी लागते. दिवाळीला वहीपूजन करताना पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहितो, त्याच्याच खाली एक ओळ या वर्षाच्या मर्यादेची लिहिली तर वर्षअखेरीस ती वाचून पाहता येईल.

आमचा माळ अजून तसाच आहे. पावसाचे पाणी तिथे थांबावे म्हणून उतारावर समतल चर घ्यायचे आणि त्यांच्या कडेने कडुनिंब व चिंच लावायची, असे पुतण्याने ठरवले आहे. "काका, चर म्हणजेही खणणेच," असे तो हसत म्हणाला. पावसाळ्यात जीवोत्पत्ती अधिक होते, म्हणून काम त्याआधीच उरकायचे, एवढे आईने त्याला बजावले आहे. त्याने आखणीचा कागद मला दाखवला. त्यावर प्रत्येक चराची लांबी आहे, दोन फूट रुंदी आहे, आणि शेवटच्या रकान्यात खोली लिहिली आहे: एक फूट.